वारा, आवरण आणि तितिक्षा
प्रतिकार, चिंता वा विलाप न करता दुःख सोसणे म्हणजे तितिक्षा, अशी व्याख्या ‘विवेकचूडामणी’ हा वेदान्तग्रंथ करतो. मग जुन्या मोटारसायकलीला फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे पुढचे आवरण, बसवणे हा तितिक्षेचा भंग ठरतो काय? वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि त्याने स्वाराचे मनगट व मानच नव्हे, तर अवधानही थकते, ज्यावर रस्त्यावरील इतरांचे प्राण अवलंबून असतात. हा रेटा अडवण्यासाठी बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस या मोटारसायकलीला वातबोगद्यात घडवलेले पूर्ण आवरण दिले. साधकाने स्वतःचे दुःख खुशाल सोसावे, परंतु इतरांना धोक्यात घालणारा थकवा सोसणे ही तितिक्षा नव्हे. मात्र हँडलला जोडलेले मोठे आवरण वाऱ्याचे झोत थेट हँडलवर आणते, म्हणून शक्य तेथे सांगाड्याला जोडलेलेच निवडावे.