फेडायचं ते आपणच

पुण्यात शिकणारी भाची सुट्टीला जतला आली ती एक गाणं घेऊन. न्यूयॉर्कची रॉक गायिका पॅटी स्मिथ हिचं ‘ग्लोरिया’, १९७५ च्या ‘हॉर्सेस’ या अल्बममधलं पहिलंच. गाण्याच्या पहिल्याच ओळीत बाई ख्रिस्ताच्या बलिदानातून स्वतःची पापं वगळते. भाचीनं विचारलं, “मामा, ही नास्तिकच ना?”

मला तसं वाटत नाही. ख्रिस्त कुणासाठी मेला याची नास्तिकाला कशाला पंचाईत? पॅटीची आई यहोवा विटनेस पंथाची. आपल्या पापांची भरपाई आपल्या जन्माआधीच कुणी करून ठेवलीय, हे मुलीनं लहानपणापासून ऐकलेलं. ती देव नाकारत नाही. परस्पर झालेली फेड नाकारते. पाप माझं, तर ते माझ्याच नावावर राहू द्या.

हे समजायला जतच्या माणसाला न्यूयॉर्कला जायची गरज नाही. मार्गशीर्षात इथे यल्लम्माची जत्रा भरते. कार्तिक अमावास्येला गुड्डापूरच्या दानम्मादेवीला कर्नाटकातून माणसं पायी येतात. दुष्काळी तालुका, नवस बोलायला कारणं कमी नाहीत. पण बोललेला नवस शेजाऱ्यानं फेडून चालत नाही. राहून गेला तर म्हातारी माणसं बेचैन होतात. या लोकांना पॅटी उद्धट वाटेल, पण परकी वाटू नये.

आता, अर्थ लावताना मीही तिला जरा सोवळं नेसवतोयच. एकनाथांच्या रोडग्याच्या भारुडाचं असंच होतं. सून सासरच्या एकेकाला उचलायचं साकडं भवानीला घालते, आणि कीर्तनकार लगेच सांगतो, की ही माणसं म्हणजे मनातले विकार. खरंय. पण बायका हसतात ते विकारांना नव्हे, सासूला. ते हसू पुसून उरलेला अर्थ मला नको. पॅटीच्या ओळीतही भाविकाला बसणारा चटका गाण्याचाच भाग आहे.

अडचण एकच. सगळं आपल्याच नावावर, तर क्षमा कुणाकडे मागायची? पॅटीलाही हा प्रश्न पडला असावा. जानेवारी १९७७ मध्ये टॅम्पाला स्टेजवरून पडून पॅटीच्या मानेचे मणके मोडले. पुढच्या वर्षी आलेल्या अल्बमचं नाव ‘ईस्टर’, आणि त्यात बायबलमधलं तेविसावं स्तोत्र.

“म्हणजे शेवटी शरण गेलीच,” भाची म्हणाली.

गेली असेल. ‘ग्लोरिया’ मात्र ती पुढेही गात राहिली.