आधी घास, मग गुण

लहानपणी आमच्या घरात ताटावर बसलं की एक गोष्ट बजावली जायची : अन्नाला नावं ठेवायची नाहीत. भाजी खारट झाली तर वरून पाणी प्यायचं, वरण पातळ झालं तर भाकर जास्त कुस्करायची, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला पुढं पाककला स्पर्धेचा परीक्षक करतात, हातात कागद-पेन देतात आणि पंधरा बायांच्या रांधण्याला नावं ठेवायला सांगतात. जन्म मास्तरकीत गेल्यामुळे हे काम माझ्याकडे बरेचदा आलं. यवतमाळ जिल्ह्यात बचत गटाचा मेळावा असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की संक्रांतीचं हळदीकुंकू, स्पर्धा भरते आणि "सर, तुमी या" असा निरोप येतो. दरवेळी एकच प्रश्न सोबत असतो. दुसऱ्याच्या अन्नाला गुण द्यायचा अधिकार माणसाला मिळतो तरी कशानं?

त्यातल्या त्यात अवघड परीक्षा रोडग्यांची. भवानीला रोडगा कबूल करणारी बाई एकनाथांच्या भारुडामुळे साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे. आमच्याकडे तो अजूनही मारुतीच्या पारापाशी, शेताच्या धुऱ्यावर भाजला जातो. गहू जाडसर दळायचा, पिठात मीठ, ओवा, तेलाचं मोहन घालायचं, लहान पोळ्या लाटून तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि त्यांचा गोळा वळायचा. गोवऱ्या पेटवून धूर पुरता जाऊ द्यायचा आणि मग त्या निखाऱ्यात गोळे भाजायचे. घाई केली तर वरून करपतो, आत कच्चा राहतो. भाजलेला रोडगा फडक्यानं पुसून, फोडून, त्यावर तूप आणि सोबत वांग्याची भाजी. फोडल्याशिवाय रोडग्याचं काही कळत नाही. सोन्यासारखा दिसणारा आत पिठूळ निघतो आणि राखेनं काळवंडलेल्याचे पापुद्रे सुटून येतात.

आगीवर भाजण्याच्या स्पर्धा अमेरिकेत फार मोठ्या होतात; तिथं मांस भाजतात. 1985 साली सुरू झालेल्या कॅन्सस सिटी बार्बेक्यू सोसायटीनं त्यासाठी काटेकोर नियम केले आहेत. डब्यावर नाव नसतं, फक्त आकडा असतो. एका टेबलावर सहा परीक्षक बसतात, खाताना एकमेकांशी बोलत नाहीत, एका डब्याची दुसऱ्याशी तुलना करत नाहीत. गुण 2 ते 9. सहा जणांपैकी ज्याचे सगळ्यांत कमी, ते मोजत नाहीत. चवीच्या गुणांना दिसण्याच्या चौपट वजन असतं. एवढा खटाटोप कशासाठी, तर जिभेला नाव कळू नये म्हणून.

आपल्याकडेही ताटापुढं चिठ्ठी ठेवतात. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं 'क्र. 7' आणि स्टीलच्या ताटाच्या काठावर लग्नात कोरलेलं सबंध नाव, आडनावासकट. नसतं कोरलेलं तरी गावात कुणाचा हात कोणता हे चवीवरून ओळखू येतं. म्हणून इथं डोळ्यांवर पट्टी बांधून न्याय होत नाही. नाव, आडनाव, घर सगळं माहीत असताना तो करायचा असतो, आणि तो मला जास्त कठीण वाटतो.

एका मेळाव्यात माझ्याशेजारी बसलेले परीक्षक मी पाहिले. काही ताटांतला ते पुरता घास घेत, मान डोलावत, पुन्हा मागत. काही ताटांपाशी चमच्याच्या टोकाला लागेल तेवढंच उचलत आणि तेही ओठापाशी नेऊन खाली ठेवत. मग कागदावर दहापैकी सहा लिहीत. सहा म्हणजे कुणी हरकत घेणार नाही असा आकडा. कोणत्या ताटांपाशी त्यांचा हात आखडत होता हे ताटांवरची आडनावं वाचणाऱ्याला लगेच कळलं असतं. संविधानाच्या 17व्या कलमानं अस्पृश्यता कायद्यातून काढली. न चाखता दिलेल्या सहा गुणांना मात्र कोणतंच कलम लागत नाही. त्या बाईला वाटलं असेल, आपली भाजी मध्यम झाली. तिच्या भाजीपर्यंत तर कुणी पोहोचलंच नव्हतं.

याच्या उलट माणसंही भेटतात. रोडग्यांच्या एका स्पर्धेत एका विधवा बाईचे रोडगे आतून कच्चे निघाले. पहिलं बक्षीस मिक्सरचं होतं. एक परीक्षक हळूच म्हणाले, "बिचारीले देऊन टाका पयला नंबर, तिच्या घरी कोनी कमावतं नाई." बाई निखारे सारत तिथंच उभी होती. तिनं ऐकलं. म्हणाली, "सर, मी मांगाले नाई आली. कच्चा हाय त कच्चा म्हना. कुठी चुकलं थे सांगा." गोवऱ्या थोड्या ओल्या होत्या, धूर पुरता जायच्या आत गोळे टाकले गेले होते. ते तिला सांगितलं. तिनं मान हलवली.

दया करावी, पण ती स्वतःच्या खिशातून. गुणांतून केली की ती दुसऱ्या कुणाच्या तरी ताटातून उचललेली असते. ज्या बाईचे रोडगे खरंच उतरले होते तिचा मिक्सर आपण उदारपणे वाटून टाकलेला असतो. आणि जिच्यावर दया केली तिलाही आपण खोटंच सांगितलेलं असतं.

तिसरी अडचण परीक्षकाच्या जिभेपर्यंत येतच नाही, ती आधीच कागदावर छापलेली असते. 2023 हे साल संयुक्त राष्ट्रांनी तृणधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं आणि गावोगाव ज्वारी-बाजरीच्या पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. आमच्या जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीननं ज्वारीला केव्हाच बांधावर ढकललं होतं. अशा एका स्पर्धेत एका कोलाम पोडावरची बाई ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी घेऊन आली होती. शेजारी ज्वारीचा केक होता, त्यावर चेरी. कागदावर चार रकाने : चव, पौष्टिकता, मांडणी, नावीन्य, आणि चारींना सारखेच गुण. चव आणि पौष्टिकतेत कण्या पुढं होत्या. मांडणीत आणि नावीन्यात त्या पडल्या, कारण रोजच्या जेवणात नावीन्य कुठून आणायचं? जे धान्य तिच्या चुलीवरून कधी उतरलंच नाही, त्याच्याच वर्षात ती मागं राहिली. परीक्षक कितीही प्रामाणिक असला तरी रकाने आखणाऱ्यानं निकाल अर्धा लावून ठेवलेला असतो. म्हणून आता बोलावणं आलं की मी आधी कागद मागवतो, आणि मांडणीचे गुण चवीइतकेच असले तर ते कमी करा म्हणतो. कधी ऐकतात, कधी नाही.

मग अन्नाला नावं ठेवू नयेत, या शिकवणीचं काय? मला वाटतं, ती खोटी नव्हती. आमची आईच पहिला घास घेतल्यावर विचारायची, "मीठ बरोबर हाय का रे?" रांधणाऱ्याला खरं ऐकायचं असतं. नावं ठेवणं म्हणजे न खाता, तोंड वाकडं करून, ताट सरकवणं. पुरता घास घेऊन, चावून, गिळून, मग "मीठ कमी आहे" म्हणणं ही पारख झाली, आणि पारख हा मानच असतो. गुण कमीजास्त पडणारच, नाहीतर स्पर्धा कशाला? पण घास सगळ्यांचा सारखा घ्यावा लागतो. पंधरा ताटं असतील तर पंधराव्याच्या वेळी पोट भरलेलं असतं, जीभ बधीर झालेली असते. तेव्हा दोन घोट पाणी प्यावं, थोडं थांबावं आणि पंधरावा घासही पहिल्याएवढाच घ्यावा.