अकरा मिलीवरचं ‘नको’

माझी मुलगी ३१व्या आठवड्यात जन्मली, १४०० ग्रॅमची. पहिले तीन आठवडे दूध पोटात जायचं ते तोंडातून घातलेल्या बारीक नळीने. मग बोंडल्यासारखी चोच असलेली छोटी वाटी आली, आणि आईच्या अंगावर चोखण्याचा सराव. घरी सोडायची एक अट होती: सगळं दूध तिने स्वतः प्यायला हवं. दर तीन तासांनी ३० मिली.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. लगेच फोनवर स्प्रेडशीट. वाटीने किती, नळीने किती, टक्के किती. २२ आले की खूश, ९ आले की बायकोवर चिडचिड. (लिहायला लाज वाटते, पण झालं असं.)

चोखणं बाळ पोटातच शिकतं. अवघड असते ती चोखणं, गिळणं आणि श्वास यांची सांगड. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, आपल्याला ते कळतही नाही. हा ताल ३४व्या आठवड्याच्या आसपास जमू लागतो, कुणाला बराच उशिरा. चुकला तर दूध श्वासनलिकेत जाऊ शकतं, ऑक्सिजन खाली येतो, ठोके मंदावतात.

म्हणून सिस्टर मिलीआधी बाळाकडे बघायच्या. जागी आहे का? हात तोंडाशी नेतेय का? किती वेळा चोखून श्वासाला थांबते? ओठाच्या कडेने दूध गळतंय? कपाळाला आठी, फाकलेली बोटं, ओठांभोवती निळसर झाक?

एका रात्री ११ मिलीवर तिने मान वळवली. मी म्हणालो, “अजून थोडं द्या ना.”

“ती नको म्हणतेय ना, बाबा.”

उरलेले १९ मिली नळीने गेले.

नको *म्हणतेय*? ही तर प्रतिक्षिप्त क्रिया, असं मी स्वतःशी भांडलो. पण तोंड उघडून शोधायला लागली की ‘भूक लागली’ असं मी बेधडक म्हणायचो. तेव्हा पुरावा मागितला नव्हता. त्याच शरीराचं ‘हवं’ मला चटकन कळायचं, ‘नको’चा मात्र अर्थ सिद्ध व्हायला हवा होता.

तरी सिस्टरना ते ‘नको’ ऐकणं परवडलं, कारण नळी होती. नळी नसलेल्या घरात अशा बाळाचं ऐकणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणं. बळेच दूध घालणाऱ्या आज्यांना म्हणूनच मी निर्दयी म्हणणार नाही. आणि नळीने तरी काय केलं? तिचं ऐकलं, आणि ३० मिली पूर्णही केले. नळीबद्दल तिला कुणी विचारलं होतं? हा गुंता मला आजही सुटलेला नाही.

शीटमध्ये मी एक रकाना वाढवला: ‘थांबली कशी’. ३७व्या आठवड्यात आम्ही घरी आलो.

आता ती दहा महिन्यांची आहे. काल नाचणीच्या सत्वापुढे तिने ओठ घट्ट मिटले. मी आधी वाटीत किती उरलंय ते बघितलं.