निकाल जूनमध्ये लागतो

1 मे. झेंडावंदन झालं की मुलांच्या हातात निकालपत्रकं पडतात. परदेशातून वर्षभर शिकवायला आलेल्या माणसाला ही सकाळ जड जाते. गळ्यात हार, हातात नारळ, आणि पोरं रडत असतात.

ते रडणं खरं असतं. मुलं प्रेम रोख देतात, तेही पहिल्याच दिवशी. पण प्रेम मिळालं म्हणजे शिकवणं झालं, असं होत नाही.

कुर्डुवाडीच्या फलाटावर उभं राहिलं की मला ही गोष्ट नीट कळते. 1897 मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची बार्शी लाइट रेल्वे इथून सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटांचे, शेजारच्या मोठ्या लाइनीचे साडेपाच फुटांचे. बार्शीकडून आलेला डबा इथेच थांबायचा. पोती उतरायची आणि मोठ्या गाडीत चढायची. माल पुढे जायचा तो हमालाच्या पाठीवरून.

वर्गातही दोन गेज असतात. घरात ‘पानी’, पुस्तकात ‘पाणी’. पोर तिथे अडतं आणि आपण म्हणतो, कच्चं आहे. पोर कच्चं नसतं. त्याच्यापुढचा रूळ बदललेला असतो.

परक्या माणसाचं एक बळ आहे. त्याला ‘पानी’ आणि ‘पाणी’ दोन्ही सारखेच नवे. आपण हसतो तिथे तो कान देतो.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ 1966 मध्ये फलटणला आल्या, त्या तिथली बोली अभ्यासायला. गाव कसं बोलतं हे आधी ऐकलं. शाळा त्यानंतर आली. 1984 मध्ये त्यांनी प्रगत शिक्षण संस्था काढली, 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन. वीस वर्षं ऐकण्यात घालवावीत, तेव्हा शाळा उभी राहते.

त्याहून जुनं उदाहरण सिंथिया फॅरार यांचं. 1827 मध्ये त्या अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढे नगरला मुलींना शिकवत राहिल्या आणि 1862 मध्ये तिथेच वारल्या. त्यांची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली आणि 1848 मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. फॅरारबाईंच्या शिकवण्याचं मोल त्यांच्या वर्गात मोजून भागत नाही. ते पुण्यात, सावित्रीबाईंच्या हाती दिसतं.

सगळ्यांना राहता येत नाही. राहिलंच पाहिजे, असाही हट्ट नको. एका वर्षात पोरांचा जीव जडतो. त्यांचं देणं फिटायला ते वर्ष पुरत नाही. एवढं ओळखून जो निघतो, तो हार गळ्यात घालून घेतानाही मान खाली ठेवतो.

आपल्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘येतो’ म्हणतात. पाहुणाही ‘येतो’ म्हणायला पहिल्याच आठवड्यात शिकतो. पोरं मात्र ते शब्दशः धरतात आणि दिवाळीपर्यंत वाट बघतात. परत यायचं नसेल, तर तसं सांगून जावं. मुलाला खरं सांगणं हाही एक धडाच असतो.

कुर्डुवाडीचे छोटे रूळ आता गेले. बार्शीकडे, पंढरपुराकडे, सगळीकडे ब्रॉडगेज आहे. डबा सरळ पुढे जातो. ज्या पाठींवरून तेव्हा पोती गेली, त्यांची नावं कुठल्याच फलाटावर नाहीत. पण पोती पोचली.

मुलांचा निकाल 1 मेला लागतो, शिक्षकाचा जूनमध्ये. पाऊस येईल, शाळा भरेल, फळ्यापुढे दुसरं कुणी उभं असेल. त्या वेळी मागच्या बाकावरची मुलगी ‘बाई, मला पानी प्यायला जायचंय’ म्हणेल, वर्ग हसेल, आणि तरीही धडा वाचायला पहिला हात तिचाच वर होईल. तसं झालं, तर तो लांबचा माणूस पास झाला.