वेळेचा रकाना

भोसरीतल्या एका लॅबमध्ये मी अकरा वर्षं आययूआयसाठी, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडण्यासाठी, वीर्याची सॅम्पल धुते. नव्या मुलींना शिकवताना माझा आवडता विषय म्हणजे स्विम-अप की ग्रेडियंट. स्विम-अपमध्ये वीर्यावर अलगद मीडियम सोडायचं, नळी ४५ अंशांत तिरकी करून ३७ अंशांच्या उबेत तासभर ठेवायची. धडधाकट शुक्राणू आपणहून वर पोहत येतात. ग्रेडियंटमध्ये तळाला ८० टक्क्यांचा थर, त्यावर ४० टक्क्यांचा, मग सेंट्रिफ्यूज. न धुता गर्भाशयात सोडलं तर प्रोस्टाग्लॅन्डिनमुळे बाईच्या पोटात कळा येतात, हे पहिल्याच दिवशी सांगते. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात कुठलीच पद्धत सरस ठरवण्याइतका पुरावा मिळाला नाही. तरी मी ग्रेडियंटच्या बाजूने तावातावाने भांडते.

एकदा एक जण सॅम्पल घेऊन चाकणहून आला होता, तिसरी पाळी करून. गळ्यात कंपनीचं कार्ड तसंच. सॅम्पल द्यायला आमच्याकडे खोली आहे, पण तिच्या दाराशीच बाकावर बायका बसलेल्या. म्हणून त्याने घरूनच आणलं. रुमालात गुंडाळलेली डबी शर्टाच्या आतून काढली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “ताई, मोशीला गाड्या हलतच नव्हत्या.” डबीवर त्याच्याच अक्षरात ७.१०. घड्याळात ८.५० झालेले.

तासाच्या आत सॅम्पल हाती यायला हवं. उशीर झाला तर शेरा मारायचा, डॉक्टरांना सांगायचं, दुसरं मागायचं. मी रकान्यात ८.०० लिहिलं.

मोटिलिटी, म्हणजे शुक्राणूंची हालचाल, कमी भरली. ती मात्र मी दोनदा मोजली, अगदी काटेकोर. कदाचित त्या शंभर मिनिटांनीच शुक्राणू मंदावले असतील. पण कागदावर उशीर नव्हताच, तेव्हा दोष त्याच्यात निघाला. गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या महिन्यात बायको एकटीच आली. “हे यायचं नाही म्हणतात, ताई. माझ्यातच दम नाही, म्हणतात.” फाइल शोधायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली.

बाहेर गर्दी होती, असं स्वतःला कितीदा तरी सांगून झालं. गर्दी रोजच असते. दुसरं सॅम्पल मागायचं म्हणजे त्या अवघडलेल्या माणसाशी दोन वाक्यं बोलणं आलं, आणि मलाच लाज वाटली. अकरा वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला!

ते रजिस्टर अजून कपाटात आहे. ८.०० चा आकडा सुवाच्य आहे, खाडाखोड नाही.