शेवटची सही

१९६५ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी चार जणांचा एक वर्ग सुरू केला. चौघंही नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम करून आलेले होते. आजारी आणि जखमी सैनिकांची शुश्रूषा त्यांनी वर्षानुवर्षं केली होती, पण नौदल सोडल्यावर या अनुभवाला बाहेर काही किंमत नव्हती. त्याच काळात गावोगावी डॉक्टर मिळत नव्हते. स्टेड यांनी या दोन अडचणींची सांगड घातली. ऑक्टोबर १९६७मध्ये चौघांपैकी तिघं शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले आणि फिजिशियन असिस्टंट, म्हणजे पीए, हा नवा पेशा उभा राहिला. आज अमेरिकेत पावणेदोन लाखांहून जास्त पीए आहेत. तिथे राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांकडे जाऊन आलेल्या कितीतरी ज्येष्ठांना पीएनंच तपासलेलं असतं, आणि आपल्याला डॉक्टरनं तपासलं असं ते इकडे येऊन सांगतात.

हा समज अगदीच चुकीचा म्हणता येत नाही. पीए रुग्णाला तपासतो, निदान करतो, औषधं लिहून देतो, शस्त्रक्रियेत सर्जनच्या शेजारी उभा राहतो. पदवीनंतर साधारण २७ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्यातले दोन हजारांच्या आसपास तास प्रत्यक्ष रुग्णांमध्ये, मग ३०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा आणि पुढे दर दोन वर्षांनी १०० तासांचं शिक्षण, असा हा रस्ता आहे. डॉक्टर व्हायचं तर पदवीनंतर चार वर्षं वैद्यकीय महाविद्यालय आणि त्यानंतर विषयानुसार तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी.

स्टेड यांनी वाट आखली ती डॉक्टरच्या हाताखालपर्यंत. तिथून पुढे जिना ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, आणि साठ वर्षं झाली तरी तो जवळजवळ नाहीच. पंधरा वर्षं काम केलेल्या पीएला डॉक्टर व्हायचं असेल, तर त्यानं बावीस वर्षांच्या मुलांबरोबर एमसीएटी या प्रवेश परीक्षेला बसायचं, कधीकाळी शिकलेलं सेंद्रिय रसायनशास्त्र जुनं झालं म्हणून पुन्हा शिकायचं आणि वर्षाला लाखावर डॉलरची नोकरी सोडून चार वर्षं कर्जावर काढायची. घर, मुलं, हप्ते असलेला माणूस हे कसं करणार? म्हणून त्याची नजर दुसरीकडे वळते. ‘नोकरी न सोडता डॉक्टर व्हा’ म्हणणाऱ्या परदेशी, दूरशिक्षण देणाऱ्या वैद्यकीय शाळांकडे.

माझ्या चुलतभावाची सून अशीच पीए आहे. अमेरिकेच्या मध्यभागातल्या एका लहानशा गावच्या रुग्णालयात ती रात्रपाळी करते. अशा रुग्णालयांत रात्री आपत्कालीन विभागात पुष्कळदा पीए एकटीच असते आणि डॉक्टर फोनवर. एकदा एक वयस्कर शेतकरी पोटात जळजळतंय म्हणून आला. घाम सुटलेला, जबडा दुखत होता. पहिला ईसीजी जवळपास नॉर्मल निघाला. तिनं पंधरा मिनिटांनी पुन्हा काढायला लावला, तर हृदयाच्या खालच्या भिंतीला झटका आल्याचं स्पष्ट दिसलं. हृदयाचा झटका म्हटल्यावर नायट्रोग्लिसरीन देण्याकडे हात जातोच. तिनं ते रोखून धरलं, इलेक्ट्रोड छातीच्या उजव्या बाजूला लावून आणखी एक ईसीजी घेतला आणि उजव्या कप्प्यालाही इजा असल्याचं ताडलं. अशा वेळी नायट्रोग्लिसरीन दिलं तर रक्तदाब कोसळू शकतो. तिनं सलाईन सुरू केलं आणि हेलिकॉप्टर मागवलं. दुसऱ्या दिवशी त्या केसपेपरवर तिच्या नावाखाली पर्यवेक्षक डॉक्टरांची सही झाली.

ती मला म्हणाली, “काका, काय करायचं ते मला पक्कं माहीत होतं. पण ते का करायचं, ते मला अर्धंच माहीत होतं. एका सीनियरनं कधीतरी सांगितलं होतं, ते लक्षात राहिलं. मला ते मुळापासून कळायला हवंय. आणि मग खालची सही माझी हवीय.”

तिच्या बोलण्यातल्या या दोन इच्छा वेगवेगळ्या आहेत. दूरशिक्षणाच्या वैद्यकीय शाळांबद्दल बोलताना त्या एकत्र कालवल्या जातात, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू होतो.

पहिली इच्छा मुळापासून समजून घेण्याची. उजव्या कप्प्याला झटका बसला की हृदय परत येणाऱ्या रक्ताच्या भरण्यावर अवलंबून राहतं, आणि नायट्रोग्लिसरीन शिरा सैल करून नेमका तोच भरणा कमी करतं. हे शरीरक्रियाशास्त्र आहे, आणि ते घरी बसून शिकता येतं. नामवंत महाविद्यालयांतसुद्धा पहिल्या दोन वर्षांतले कितीतरी विद्यार्थी व्याख्यानांना जातच नाहीत. रेकॉर्डिंग दीडपट वेगानं पाहतात आणि बाजारात मिळणारे प्रश्नसंच सोडवून यूएसएमएलई या परवाना परीक्षेची पहिली पायरी पार करतात. आठ तासांची, २८०पर्यंत प्रश्नांची ही परीक्षा तुम्ही कुठं बसून शिकलात ते विचारत नाही. त्यामुळे दूरशिक्षण म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांशी मी सहमत नाही. उलट पीएला हे शिक्षण जास्त लागू पडेल असं मला वाटतं. नवख्या मुलाला जैवरसायनशास्त्राचं प्रत्येक पान अधांतरी वाटतं. पीएच्या डोळ्यांसमोर त्या प्रत्येक पानाशी एक तरी रुग्ण उभा राहतो. पॅसिफिकमधल्या सामोआ या बेटांच्या देशात २००२ साली स्थापन झालेल्या ओशनिया युनिव्हर्सिटी ऑफ मेडिसिननं याच विचारानं आधीपासून आरोग्यसेवेत असलेल्या लोकांसाठी दारं उघडली. पायाभूत विषय ऑनलाइन, पुढचं शिक्षण रुग्णालयांत, अशी तिथली रचना आहे. तिला सरसकट फसवणूक म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरी इच्छा सहीची आहे, आणि दूरशिक्षणाचा रस्ता तिथं अडतो. सहीचा अधिकार विद्यापीठ देत नाही. तो राज्याचं वैद्यकीय मंडळ देतं, आणि त्याआधी रेसिडेन्सी मिळावी लागते. अमेरिकेत पूर्णपणे ऑनलाइन असलेला एमडीचा एकही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम नाही, म्हणजे ही पदवी परदेशीच असणार. मग परदेशी पदवीधरांचं प्रमाणपत्र, त्यासाठी तुमची शाळा यादीत असणं, तिला मान्यता देणाऱ्या संस्थेलाही कुणाची तरी मान्यता असणं, अशी कडीला कडी लागत जाते. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात वर्षानुवर्षं ४,००० तासांचं शिक्षण आणि किमान ८० टक्के प्रत्यक्ष हजेरी अशी अट होती. मंडळानं एखाद्या शाळेवर फुली मारली की तिथल्या पदवीधराला त्या राज्यात दार बंद.

यानंतर मॅच. दरवर्षी मार्चमध्ये रेसिडेन्सीच्या जागा वाटल्या जातात. २०२४ साली अमेरिकेतल्या एमडी महाविद्यालयांच्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांपैकी ९३ टक्क्यांहून अधिक जणांना पहिल्या वर्षाची जागा मिळाली. परदेशात शिकून आलेल्या अमेरिकी नागरिकांपैकी ६७ टक्क्यांना. हे परदेशात शिकलेल्या अशा सर्व नागरिकांचं मिळून झालं. दूरशिक्षण घेतलेल्याला त्या रांगेत कुठं उभं करतील, हे सांगायला आकडा लागत नाही. रेसिडेन्सी मिळाली नाही तर हातात पदवी, डोक्यावर कर्ज आणि नावापुढे लावता येईल पण वापरता येणार नाही असा ‘डॉक्टर’ उरतो. पीएची नोकरी असते, ती करत राहायची. ही शक्यता माहितीपत्रकात मोठ्या अक्षरांत छापली जात नाही, याची मला चीड येते. चाळिशी ओलांडलेली माणसं रात्री मुलांना झोपवून दोन-दोन तास अभ्यास करतात, साठवलेला पैसा घालतात. त्यांना निदान पूर्ण चित्र तरी दाखवायला हवं.

मंडळं एवढी ताठर का, याचं कारण इतिहासात आहे. १९१०मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांचा अहवाल आला. त्यांनी अमेरिका आणि कॅनडातली १५५ वैद्यकीय महाविद्यालयं स्वतः फिरून पाहिली. कित्येक ठिकाणी ना प्रयोगशाळा, ना रुग्ण. फी भरा आणि डॉक्टर व्हा असा कारभार. अहवालानंतर अशी दुकानं बंद पडली आणि वैद्यकीय शिक्षण सुधारलं, हे निर्विवाद. पण त्याच लाटेत कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या सात महाविद्यालयांपैकी पाच बंद झाली. दर्जाच्या नावाखाली दार लावलं की नको त्यांच्याबरोबर हवे तेही बाहेर राहतात. पीएचं तेच झालं आहे.

एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. १९७१ साली मायामी विद्यापीठानं विज्ञानातली पीएचडी असलेल्यांना दोन वर्षांत एमडी करणारा अभ्यासक्रम काढला. म्हणजे ज्यांनी रुग्णाला कधी हात लावला नव्हता, त्यांच्या पुस्तकी ज्ञानाची दोन वर्षं वजा झाली. हजारो रुग्ण हाताळलेल्या पीएसाठी अशी वजाबाकी व्हायला २०११ साल उजाडलं. पेनसिल्व्हेनियातल्या लेक एरी कॉलेज ऑफ ऑस्टिओपॅथिक मेडिसिननं पीएंसाठी चार वर्षांऐवजी तीन वर्षांत डॉक्टरची पदवी देणारा मार्ग सुरू केला, आणि जागा किती, तर बारा. पुस्तकातून आलेल्या ज्ञानाला समाज चटकन मोल देतो, हातातून आलेल्याला देत नाही. हे फक्त अमेरिकेचं दुखणं नाही.

आपल्याकडे पूर्वी एलसीपीएस, म्हणजे लायसेन्शिएट डॉक्टर असायचे. पुण्याचं बी. जे. मेडिकल कॉलेज १९४६मध्ये कॉलेज झालं. त्याआधी ते मेडिकल स्कूल होतं आणि तिथून असेच डॉक्टर बाहेर पडत. स्वातंत्र्याआधी देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीनं मोजदाद केली तेव्हा देशात ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांतले २९,८७० लायसेन्शिएट, म्हणजे शाळेतून कमी मुदतीचं शिक्षण घेतलेले. देशाची आरोग्यसेवा त्यांच्याच खांद्यावर होती. समितीनं एकाच प्रकारचा, विद्यापीठातून शिकलेला डॉक्टर हवा असं ठरवलं. काही सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं, पण ते मागे पडलं. तरी एक चांगली गोष्ट झाली. जे आधीच लायसेन्शिएट होते त्यांना एमबीबीएस होता यावं म्हणून संक्षिप्त अभ्यासक्रम निघाले. अनुभव धरून पुढचं शिक्षण देता येतं आणि त्यातून परीक्षेला उतरणारे डॉक्टर घडतात, हे आपण सत्तर वर्षांपूर्वी करून पाहिलं आहे.

आजचा आपला अनुभव मात्र उलटा आहे. महाराष्ट्रानं २०१४मध्ये कायदा बदलून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा कोर्स करून ॲलोपॅथीची औषधं द्यायला मुभा दिली. २०२५मध्ये त्यांच्या नोंदणीचा प्रश्न आला आणि इंडियन मेडिकल असोसिएशननं राज्यात संप केला. या वादात दोन्ही बाजूंनी पोटतिडकीनं बोललं गेलं. मला खटकतं ते एवढंच, की या कोर्सनंतर एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला द्यावी लागते ती परीक्षा द्यायची अट कुणी घातली नाही. ती घातली असती आणि उत्तीर्ण होणाऱ्याला पूर्ण अधिकार दिला असता, तर संपाला कारणच उरलं नसतं.

भारतातही आता पीए आहेत. डॉ. के. एम. चेरियन यांनी चेन्नईत १९९२मध्ये पहिला अभ्यासक्रम सुरू केला, आणि २०२१च्या कायद्यानं या पेशाला संलग्न आरोग्य व्यवसायांत जागा मिळाली. त्यांच्यापर्यंत दूरशिक्षणाच्या जाहिराती पोहोचतात, म्हणून स्पष्ट लिहितो. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांनुसार परदेशी वैद्यकीय अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत केलेली हवी. घरी बसून मिळवलेल्या पदवीवर इथं दवाखाना टाकता येणार नाही. नीटला वयाची वरची मर्यादा आता नाही. कठीण असला तरी तो रस्ता उघडा आहे.

मग माझं म्हणणं काय? पायाभूत विषय खुशाल दुरून शिकू द्यावेत, नोकरी सांभाळून, तीन वर्षं लागोत की चार. परीक्षा सगळ्यांना लागू असलेलीच. रुग्णालयातल्या शिक्षणात पीएच्या अनुभवाची वजाबाकी व्हावी, पण ती वर्षं मोजून होऊ नये. खाटेशी उभं करून, तपासायला लावून, निर्णय घ्यायला लावून व्हावी. ज्याला बालरोग आणि प्रसूती येत नाही त्यानं ते पूर्ण करावं, आपत्कालीन विभागात दहा वर्षं काढलेल्याला तिथं पुन्हा दोन महिने उभं करू नये. आणि रेसिडेन्सीत एक दिवसाचीही सूट नको. पीएला कितीही अनुभव असला तरी त्याच्या कामाची आखणी पाठीमागे कुणी आहे असं धरून झालेली असते. रेसिडेन्सीत मागचा माणूस ठरवून, टप्प्याटप्प्यानं दूर होत जातो. पहिल्या वर्षी प्रत्येक गोष्ट विचारायची, शेवटच्या वर्षी आपल्याला विचारायला येणाऱ्याला उत्तर द्यायचं. एकट्यानं निर्णय घ्यायचं हे शिक्षण अजून कुणाला पडद्यावरून देता आलेलं नाही.

असा अभ्यासक्रम मान्यताप्राप्त महाविद्यालयांनीच चालवायला हवा. दूरच्या बेटावरच्या शाळांवर फुल्या मारणं मंडळांना सोपं जातं, कारण त्या फुलीनं त्यांना स्वतःला काही करावं लागत नाही. लेक एरीनं बारा जागा काढल्या तेव्हा आभाळ कोसळलं नाही. दीडशेच्या वर महाविद्यालयं असलेल्या देशात अशा बारा-बारा जागा प्रत्येकानं काढल्या, तरी दरवर्षी दीड हजारांहून जास्त डॉक्टर असे निघतील ज्यांनी पहिल्या दिवसाआधीच हजारो रुग्ण पाहिलेले असतील.

सुनेला मी अर्ज भरू नकोस असं सांगितलेलं नाही. आधी आपल्या राज्याच्या मंडळाकडून दोन गोष्टी लेखी घे म्हटलं: या शाळेची पदवी परवान्यासाठी चालते का, आणि गेल्या पाच वर्षांत तिथल्या किती पदवीधरांना या राज्यात परवाना मिळाला. शाळेला विचार, रुग्णालयातल्या जागा तुम्ही देता की विद्यार्थ्यानं शोधायच्या, आणि मागच्या तुकडीतल्या किती जणांना रेसिडेन्सी मिळाली. मंडळाचं उत्तर यायचं आहे. शाळेनं पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, दुसऱ्यासाठी फोनवर बोलू म्हणाली. तिनं त्यांना तेही लेखीच मागितलं आहे.