क्लच प्लेट खरंच गेली होती का?

मिसळ बेचव असेल तर पहिल्या घासाला कळतं. शर्टाचं कापड हलकं असेल तर दोन धुण्यांत कळतं. पण मेकॅनिक म्हणाला, ‘क्लच प्लेट गेलीये, बदलावी लागेल’, तुम्ही पैसे दिले आणि गाडी मस्त पळायला लागली. आता ती प्लेट खरंच गेली होती की नुसती केबल ताणून भागलं असतं, हे तुम्हाला कधी कळणार? बहुतेक कधीच नाही. कारण गाडी दोन्ही बाबतींत नीटच चालणार आहे.

मायकल डार्बी आणि एडी कार्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली अशा सेवांचा एक वेगळा वर्ग मांडला. काही वस्तूंचा दर्जा घेण्याआधीच पाहून कळतो, काहींचा वापरल्यावर कळतो आणि काहींचा वापरून झाल्यावरही कळत नाही. या तिसऱ्या वर्गात आपण वस्तू घेत नाही, समोरच्यावरचा विश्वास विकत घेतो. ऑपरेशन आणि वाहनदुरुस्ती ही त्याची नेहमीची उदाहरणं. दोन्हीकडे रोग सांगणारा आणि औषध विकणारा एकच असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, त्यामुळे हे प्रकरण मला ओळखीचं वाटतं. ‘हे मॉड्यूल नव्यानं लिहावं लागेल, तीन आठवडे लागतील’ असं मी म्हणतो तेव्हा क्लायंटही गॅरेजबाहेरच्या बाकड्यावरच बसलेला असतो. त्याला आतलं काहीच दिसत नाही.

मग गॅरेज चांगलं चालवायचं म्हणजे काय करायचं? पटकन सुचणारं उत्तर म्हणजे मालक प्रामाणिक पाहिजे. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. कारण सहा माणसांच्या गॅरेजात मालक काउंटरवर असतो आणि गाडीखाली दुसऱ्याच कुणाचे हात असतात. मालक कितीही सज्जन असला, तरी त्याची सज्जनता पान्यातून आपोआप त्या हातांपर्यंत उतरत नाही.

माझ्या मामाचं नाशिकला सातपूरच्या बाजूला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. आयटीआयमधून शिकून तो दुसऱ्याच्या हाताखाली राबला, मग स्वतःचं शटर उघडलं. आज चार मेकॅनिक, दोन हेल्पर, दिवसाला पंधरा-सोळा गाड्या. गिऱ्हाईक बहुतेक एमआयडीसीतलं. त्यांची बाइक म्हणजे हौस नाही. ती बंद पडली तर सकाळची शिफ्ट जाते. दोन वर्षांपूर्वी मी त्याला वहीऐवजी मोबाइलवर जॉब कार्ड भरता येईल असं एक छोटं ॲप करून दिलं. कुठली गाडी, काय तक्रार, काय काम केलं, कोणी केलं, बिल किती, इतकंच.

गेल्या वर्षी मामानं त्यात आणखी एक रकाना मागितला. ‘अरे, महिन्याला कोणी किती बिल केलं ते नावासमोर दिसू दे ना. जो जास्त करेल त्याला पाच टक्के. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला असंच असतं म्हणे.’

काम दहा मिनिटांचं. सगळी माहिती ॲपमध्ये होतीच, फक्त बेरीज करून क्रमानं लावायची होती. मागणीही गैर नव्हती. भाडं वाढलं होतं. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर, नव्या बाइकमध्ये कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं होतं. त्यासाठी स्कॅनर घ्यावा लागला, पोरांना नव्यानं शिकवावं लागलं. वरचा पैसा कुठून तरी यायला हवाच होता. पण मी दहा मिनिटांचं ते काम तीन रविवार लांबवलं आणि मामाशी वाद घालत बसलो. वादात माझ्या हाताशी एक जुनी अमेरिकन गोष्ट होती.

सिअर्स ही अमेरिकेतली तेव्हाची नावाजलेली किरकोळ विक्री करणारी कंपनी. तिची देशभर वाहनदुरुस्तीची केंद्रं होती आणि लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. धंदा मंदावला तेव्हा व्यवस्थापनानं केंद्रांतल्या माणसांचे पगार विक्रीला बांधले. गिऱ्हाइकाला सल्ला देणाऱ्यांना कमिशन आणि अमुक इतके शॉक ॲब्सॉर्बर, इतकी अलाइनमेंटची कामं असे कोटे. मेकॅनिकनाही कामाच्या संख्येवर पैसे. तक्रारी वाढल्यावर कॅलिफोर्नियाच्या वाहनदुरुस्ती विभागानं आपली माणसं साध्या गिऱ्हाइकाच्या वेशात पाठवली. ३८ फेऱ्यांपैकी ३४ वेळा त्यांना गरज नसलेलं काम सांगण्यात आलं. जून १९९२ मध्ये हे प्रकरण जाहीर झालं. कंपनीचे प्रमुख एडवर्ड ब्रेनन यांनी मुद्दाम फसवणूक केल्याचं नाकारलं, पण आपल्या उद्दिष्टांमुळे आणि मोबदल्याच्या पद्धतीमुळे चुका घडतील असं वातावरण तयार झालं, हे मान्य केलं. सल्लागारांचं कमिशन बंद झालं.

या गोष्टीत मला खटकणारी गोष्ट म्हणजे यात खलनायक सापडत नाही. ‘लोकांना लुटा’ असा आदेश कुणी काढला नव्हता. एखादा सल्लागार घरी चांगला बाप असेल, शेजाऱ्याचं सामान वर चढवून देत असेल. पण आठवड्याच्या शेवटी कोट्यात दोन शॉक ॲब्सॉर्बर कमी पडतायत आणि समोर एक गाडी आलीये, ज्यातले ‘बदलले तरी चालतील’ असे आहेत. ‘चालतील’ आणि ‘पाहिजेत’ यांच्यात जी बारीक फट असते, तिथे पगाराची पद्धत पाचर ठोकते. माणूस खोटं बोलत नाही. शंका आली की ती कुठल्या बाजूनं सोडवायची एवढंच बदलतं, आणि दर वेळी ती एकाच बाजूनं सुटत जाते.

मामाला गोष्ट पटली, पण त्याचा प्रश्न चोख होता. ‘बिलावर नको, तर परत आलेल्या गाड्यांवर लाव. ज्याची गाडी त्याच तक्रारीवर परत येईल त्याचे पैसे काप.’

ऐकायला हे न्याय्य वाटतं. पण मेकॅनिकच्या जागी उभं राहून बघा. गाडी परत आली तर माझे पैसे जाणार असतील, तर मी केबल ताणून का सोडू? अख्खा क्लच सेटच बदलेन. परत यायची भानगडच नको. म्हणजे गिऱ्हाइकाचा खर्च पुन्हा वाढला, आणि आता तर सावधगिरीच्या नावाखाली. शिवाय नट ढिला राहिल्याचं ट्रायल मारताना एखाद्याच्या लक्षात आलं, तर तो ‘उस्ताद, माझ्याकडून राहिलं’ असं ओरडून सांगेल की गप्प बसेल? ब्रेकच्या बाबतीत ती शांतता कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते.

अमेरिकेत बऱ्याच गॅरेजांत मेकॅनिकला ‘फ्लॅट रेट’नं पैसे मिळतात. पुस्तकात एखाद्या कामाला तीन तास लिहिले असतील तर तो दोन तासांत करो वा पाच, मिळणार तीन तासांचेच. वर वर पाहता हे हुशार हाताला बक्षीस आहे. पण यात पार्ट बदलण्याचे तास नीट मोजले जातात आणि विचार करण्याचे मारले जातात. बिघाड नेमका कुठे आहे हे शांतपणे शोधणाऱ्याचं नुकसान, अंदाजानं पार्ट बदलणाऱ्याचा फायदा. अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाबद्दल जे निरीक्षण नोंदवलं, ते आता सगळीकडे वेगळ्या शब्दांत फिरतं: माप हेच ध्येय झालं की ते चांगलं माप राहत नाही. आमच्या ऑफिसात स्टोरी पॉइंट मोजायला लागले की आठवड्याभरात सगळ्यांचे पॉइंट फुगतात, ते याच न्यायानं.

शेवटी आमचं जे ठरलं ते साधं होतं. पगार महिन्याचा, ठरलेला, शक्य तितका चांगला. परत आलेल्या गाडीचं काम फुकट, पण त्याचा भार गॅरेजवर, पोरावर नाही. काढलेले जुने पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाच्या हातात. सांगितलेल्या अंदाजापेक्षा खर्च वाढणार असेल तर आधी फोन, मगच पाना. यातलं आमच्या डोक्यातून निघालेलं फारसं काही नाही. लेखी अंदाज, वाढीव कामाला आधी संमती आणि मागितल्यास जुने पार्ट परत, हे कॅलिफोर्नियात गॅरेजांवर कायद्यानंच बंधन आहे. आणि एक शेवटचा नियम, जो मामाला सगळ्यात जड गेला: गाडी नुसती बघायचे शंभर रुपये. काही निघालं तरी शंभर, काही नाही निघालं तरी शंभर.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता. इमॅन्युएल कांटनं १७८५ च्या आपल्या नीतिशास्त्रावरच्या पुस्तकात एका दुकानदाराचं उदाहरण दिलंय. तो नवख्या गिऱ्हाइकाला जास्त भाव लावत नाही. लहान मूलही त्याच्याकडून सगळ्यांना असतो त्याच भावात माल घेऊन जातं. पण असं वागणं त्याच्या धंद्याच्या फायद्याचंही आहे. मग तो कर्तव्य म्हणून प्रामाणिक आहे की फायदा म्हणून? फायदा म्हणून असेल, तर कांटच्या मते त्या कृतीला नैतिक मोल नाही. हाच प्रश्न आमच्या नियमांना लावा. खोटं बोलण्याचा फायदाच काढून टाकला, तर उरलेल्या खरेपणात थोर ते काय?

मला वाटतं कांटचा प्रश्न एकट्या माणसासाठी बरोबर आहे. मी स्वतःला तो विचारायलाच हवा. पण ज्याच्या हाताखाली चार माणसं आहेत, त्यानं तो त्यांच्यावर लादू नये. माझ्या पोरांचं शील तावून सुलाखून निघावं म्हणून मी त्यांच्यासमोर मोह ठेवतो, असं कुठलाही मालक म्हणू शकत नाही. ती परीक्षा नव्हे, क्रौर्य आहे. घरभाड्याची तारीख जवळ आलेल्या पंचवीस वर्षांच्या पोराला रोज आठ तास ‘खरं की पाचशे रुपये’ यातून निवडायला लावायचं आणि चुकला की ‘आजकालची पोरं’ म्हणायचं, हे फार सोपं आहे. मालकाचा प्रामाणिकपणा तो स्वतः किती खरं बोलतो यावर ठरत नाही. त्याच्याकडे काम करणाऱ्याला खरं बोलायला किती खर्च येतो, यावर ठरतो. देव्हाऱ्यापेक्षा तो पगारपत्रकात लवकर दिसतो.

हा खर्च हवेत विरत नाही, कुणाला तरी भरावाच लागतो. आमच्याकडेही भरावा लागला. सगळ्यात तल्लख पोरगा सहा महिन्यांत इन्सेंटिव्ह देणाऱ्या दुसऱ्या वर्कशॉपला गेला. त्याला दोष देता येत नाही. बहिणीच्या लग्नाचं कर्ज आमच्या तत्त्वांवर फिटणार नव्हतं. ठरलेला पगार म्हटल्यावर एखादा दुपारी अंग चोरतो, तेही खरं. त्यावर मामाचा उपाय म्हणजे दिवसातून चार वेळा काउंटर सोडून स्वतः गाडीपाशी जाऊन बसणं. तो म्हणतो, ‘आकडा लावला असता तर मला खुर्चीत बसता आलं असतं.’ मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं. इन्सेंटिव्ह ही पुष्कळदा देखरेखीला दिलेली सुट्टी असते. माणसाकडे बघायचं, त्याला शिकवायचं, त्याच्या चुका ऐकायच्या, हे सगळं टाळून एक टक्केवारी लावून मोकळं व्हायचं.

आणि जुन्या पार्टची पिशवी? खरं सांगायचं तर तिच्यानं काहीच सिद्ध होत नाही. झिजलेली प्लेट आणि अजून चार हजार किलोमीटर चालली असती अशी प्लेट, यांतला फरक शंभरातल्या नव्वद गिऱ्हाइकांना दिसणार नाही. मलाही दिसत नाही. अविश्वासाची ती शेवटची फट कुठल्याच नियमानं, कुठल्याच ॲपनं बुजत नाही. पण पिशवी भरताना मेकॅनिकला तो पार्ट दुसऱ्यांदा हातात घ्यावा लागतो. हा मी कुणाला तरी देणार आहे, तो विचारू शकतो, हे त्याच्या मनात येतं. नियमाचं काम तेवढंच. पुढचं त्या माणसावर.

राहिले शंभर रुपये. आमच्या गॅरेजात सगळ्यात जास्त भांडणं त्यावरून होतात. ‘काही केलंच नाही तर पैसे कसले?’ असं म्हणणारा माणूस समोरच्या टपरीवर वीस रुपयांचा चहा निमूट पितो. ‘गाडीला काही झालेलं नाही, घेऊन जा’ हे ऐकायला आपण पैसे देत नाही, आणि पार्ट बदलला की मुकाट्यानं हजार देतो. मग ज्याचं पोट आपल्या पैशावर आहे, त्यानं आपल्याला काय सांगावं अशी आपली अपेक्षा आहे? डॉक्टरनं औषध लिहिलं नाही तर फी वसूल झाल्यासारखी न वाटणारे आपणच. दोन दिवस नुसता कोड वाचून ‘यात बदल नको’ म्हणणाऱ्या इंजिनीअरला ‘मग दोन दिवस काय केलंस?’ विचारणारेही आपल्यातलेच.

आपल्यातले बरेच जण पुढच्या चार-पाच वर्षांत कुठल्या ना कुठल्या टीमचे लीड होतील. आकड्यांचा एखादा रकाना तुमच्याकडेही मागितला जाईल, आणि तो करायला दहाच मिनिटं लागतील. तेव्हा एवढंच बघा, की तुमच्या टीममधला सगळ्यात नवा, सगळ्यात कर्जात असलेला माणूस ‘इथे काही करायची गरज नाही’ असं म्हणाला, तर महिन्याच्या शेवटी त्याच्या खात्यात किती कमी जमा होतात. आणि तोपर्यंत, गॅरेजवाल्यानं गाडी तपासून ‘काही नाही झालेलं’ म्हटलं, तर त्याचे शंभर रुपये कुरकुर न करता द्या.